मैदानावरील वाणी आणि मुलांचे कान

(महोत्सवी क्रीडासामन्यांच्या पूर्वसंध्येस, धर्मग्रामाच्या सभागृहात पालकांपुढे दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या निमित्ताने ह्या सभागृहात गेले कित्येक दिवस पुष्कळ गोड बोलणे झाले. ज्यांनी ह्या मंदिराची पहिली वीट बसविली त्यांचे स्मरण झाले, ज्यांनी आपल्या मुलांस क्रूस करावयास शिकविले त्या वृद्ध मास्तरांचा सत्कार झाला. उद्या सकाळच्या पवित्र मिस्सेनंतर मुलांच्या सामन्यांस आरंभ होईल. मैदानावर चुन्याच्या रेषा आखून झाल्या, मंडप उभा राहिला, चषक घासूनपुसून मांडले गेले. सर्व सिद्धता झाली. एकाच गोष्टीची सिद्धता राहिली आहे, आणि ती म्हणजे रेषेबाहेर उभ्या राहणाऱ्या आम्हां मोठ्या माणसांच्या जिभेची. आजचा आमचा विषय तोच होय. मुले खेळत असता, अथवा आपल्या मांडीवर बसून खेळ पाहत असता, प्रेक्षकांच्या तोंडून ज्या शिव्या निघतात त्यांचा विचार आज करावयाचा आहे.

विषय हलका आहे, महोत्सवास शोभणारा नाही, असे कोणास वाटेल. त्यांस आमची विनंती इतकीच की व्याख्यान संपेपर्यंत धीर धरावा.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ख्रिस्तसभा खेळाची वैरीण नाही. संत पौलाने श्रद्धेच्या जीवनास शर्यतीची उपमा दिली, ती शर्यती न पाहिलेल्या मनुष्याची उपमा नव्हे. संत योहानाविषयीची एक जुनी कथा संत थॉमस अक्विनास ह्यांनी आपल्या महाग्रंथात सांगितली आहे. संत योहान आपल्या शिष्यांसह खेळत असलेले पाहून काही लोकांस नवल वाटले व ते नावे ठेवू लागले. तेव्हा संताने त्यांच्यापैकी एका धनुर्धाऱ्यास बाण सोडावयास सांगितले. त्याने एकामागून एक बाण सोडले. ‘असेच अखंड सोडीत राहशील काय?’ असे विचारता तो म्हणाला की तसे केल्यास धनुष्यच मोडेल. संत योहान उत्तरले की मनुष्याच्या मनाचेही तसेच आहे. ते सदैव ताणलेले राहिले तर मोडेल. म्हणून खेळ हा आत्म्याचा विसावा होय, असे संत थॉमस शिकवितात. आणि त्या विसाव्यास ते तीन अटी घालतात. पहिली अट, खेळातील आनंद अभद्र किंवा दुसऱ्यास इजा करणाऱ्या शब्दांत वा कृत्यांत शोधू नये. दुसरी अट, खेळाच्या भरात मनाचा तोल समूळ ढळू देऊ नये. तिसरी अट, खेळ हा माणसे, वेळ व स्थळ ह्यांस शोभेल असाच असावा. सातशे वर्षांहून अधिक काळापूर्वी पॅरिसच्या विद्यापीठात शिकविलेल्या आचार्याने ह्या तीन अटी लिहिल्या. परंतु त्या वाचताना आमच्या डोळ्यांसमोर आपलेच मैदान उभे राहते. आपण आज त्यांच्याच क्रमाने चालू.

पहिली अट शब्दांची. येथे थोडा विवेक करावा लागेल, कारण सर्वच ओरडणे पाप आहे असे आम्ही म्हणत नाही. झेल सुटला म्हणून हळहळणे, आपला गडी पळू लागला म्हणून गळा सुकेपर्यंत ओरडणे, पंचाच्या निर्णयाचे नवल करणे, हे सर्व खेळाचे मीठ आहे. त्याच्या पलीकडे हुर्यो येते. हुर्यो म्हणजे दुसऱ्याच्या लाजेचा आनंद. तिला शिवीची धाकटी बहीण म्हणावे. त्याच्याही पलीकडे शिवी आहे.

आपल्या मराठीतील शिव्यांकडे क्षणभर थंड डोक्याने पाहा. राग असतो झेल सोडणाऱ्या गड्यावर, आणि उद्धार होतो त्याच्या आईचा वा बहिणीचा. ती माउली त्या वेळी घरी भाकरी थापीत असेल, कदाचित आपल्याच शेजारच्या खुर्चीवर बसली असेल. तिने काय केले? देवाच्या दहा आज्ञांच्या काट्यावर अशी एक शिवी ठेवून पाहा. मातापित्यांस मान द्या, ही चौथी आज्ञा. शिवीत माता धुळीस मिळते. पाचवी आज्ञा हत्येस मनाई करते. आणि भावाला रागाने हिणवून बोलणाराही न्यायास पात्र होतो, असे प्रभूने पर्वतावरील प्रवचनात ह्याच आज्ञेच्या संबंधात शिकविले. सहावी आज्ञा शुद्धतेची. शिवीतील चित्र तर उघड अशुद्ध असते. एका श्वासात तीन आज्ञा मोडल्या जातात, आणि वर म्हणावयाचे काय, तर ‘सहज तोंडातून गेले!’ काही तोंडांतून ह्याहून विखारी शब्द निघतात: कोणाची जात, कोणाचा वर्ण, कोणाचे व्यंग. जातीवरून हिणविण्याचे घाव ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी सोसले अशी कितीतरी कुटुंबे आपल्या ह्या जिल्ह्यातील धर्मग्रामांत आहेत. ज्या वेदीपुढे आपण एका भाकरीचे वाटेकरी होतो, तिच्यापासून शंभर पावलांवर तो शब्द पुन्हा उच्चारला जावा, ह्याहून मोठी विटंबना कोणती?

आता दुसरी अट, मनाच्या तोलाची. ह्या अटीचा पुरावा दूर शोधावयास नको. आपल्याच महाराष्ट्राच्या राजधानीत, मुंबईच्या वानखेडे मैदानावर तो सर्व देशाने पाहिला. २०२४ सालच्या आयपीएल स्पर्धेपूर्वी मुंबई संघाने रोहित शर्माच्या जागी हार्दिक पंड्यास कर्णधार नेमले. निर्णय मालकांचा होता. राग मात्र खेळाडूवर निघाला. १ एप्रिल २०२४ रोजी राजस्थानविरुद्धच्या सामन्यात, स्वतःच्या घरच्या मैदानावर, स्वतःच्या संघाचा कर्णधार नाणेफेकीस आला तेव्हा हजारो कंठांनी त्याची हुर्यो उडविली. सूत्रसंचालन करणारे संजय मांजरेकर ह्यांना प्रेक्षकांस ‘नीट वागा’ असे ध्वनिक्षेपकावरून सांगावे लागले. ज्याच्या प्रेमापोटी हे सर्व चालले होते तो रोहित शर्माच सीमारेषेवरून हाताने खूण करून लोकांस गप्प करीत असल्याचे दिसले. पुढे ११ एप्रिलला बंगळूरूचा संघ मुंबईत आला, तेव्हा प्रतिपक्षाच्या विराट कोहलीनेही प्रेक्षकांस तसेच विनविले.

ह्या दोन तारखांच्या मध्ये ७ एप्रिल येतो. दरवर्षी एक सामना मुंबईचा संघ गरीब वस्त्यांतील व संस्थांतील मुलांसाठी राखून ठेवतो. त्या दिवशी दिल्लीविरुद्धच्या सामन्यास सुमारे १८ हजार मुले वानखेडेच्या पायऱ्यांवर बसली होती. निळे सदरे, हातांत झेंडे, आणि डोळ्यांत पहिल्यांदाच एवढे मोठे मैदान पाहिल्याचे नवल. त्या दिवशी हार्दिकच्या वाट्यास हुर्यो आली नाही, टाळ्या आल्या, असे वृत्त प्रसिद्ध झाले. मुंबईने तो सामना २९ धावांनी जिंकला, व तो त्या हंगामातील तिचा पहिलाच विजय होता. विजयानेही लोकांची मने मऊ केली असतील, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु नाणेफेकीच्या वेळी विजय कोणास ठाऊक नव्हता. आमच्या मते त्या दिवसाचा धडा साधा आहे: द्वेष हा मुलांचा स्वभाव नव्हे, तो त्यांना शिकवावा लागतो, आणि जेथे शिकविणारे कमी होते तेथे तो उमटला नाही.

कथा येथेही संपत नाही. २९ जून २०२४ रोजी बार्बाडोस येथे भारताने विश्वचषक जिंकला. शेवटचे षटक टाकून विजय पदरात पाडणारा गोलंदाज तोच हार्दिक पंड्या होता. ४ जुलैला वानखेडेवर सत्कार झाला, आणि ज्या पायऱ्यांवरून तीन महिन्यांपूर्वी हुर्यो उठली होती त्याच पायऱ्यांवरून त्याच्या नावाचा जयघोष झाला. मैदान तेच, मनुष्य तोच, पुष्कळ अंशी तोंडेही तीच असतील. एकाच झऱ्यातून गोड व कडू पाणी कसे निघते, असे संत याकोबाने आपल्या पत्रात जिभेविषयी विचारले आहे. त्याचा प्रश्न पहिल्या शतकातील भाविकांस होता. उत्तर मात्र आपणांस द्यावयाचे आहे. यरुशलेमेत प्रभूचे झावळ्यांनी स्वागत करणारा जमाव आणि पाच दिवसांनी क्रूसाची मागणी करणारा जमाव, ह्या दोन्हींचे शुभवर्तमान आपण एकाच रविवारी, एकाच मिस्सेत वाचतो. जमावाच्या जिभेचा भरवसा नसतो, हे ख्रिस्ती मनुष्यास वेगळे शिकवावे लागू नये.

तोल ढळतो तो कानांच्या वाटेने, ही गोष्ट संत ऑगस्टीन ह्यांनी आपल्या आत्मनिवेदनात एका मित्राच्या उदाहरणाने सांगितली आहे. अलिपियस हा तरुण कायदा शिकण्यासाठी रोम येथे गेला होता. तेथे मनुष्ये एकमेकांस जिवे मारीत, व तो खेळ म्हणून पाहावयास लोक जमत. अलिपियसास त्याचा तिटकारा होता. मित्रांनी त्यास ओढूनच नेले. तो म्हणाला, ‘शरीर न्याल, मन नेणार नाही,’ आणि डोळे घट्ट मिटून बसला. पण कान कसे मिटणार? एक मल्ल पडला, प्रेक्षकांनी प्रचंड आरोळी ठोकली, आणि कुतूहलाने त्याने डोळे उघडले. त्या क्षणी मैदानातील मल्लाच्या शरीरास जी जखम झाली, तिच्याहून खोल जखम अलिपियसाच्या आत्म्यास झाली, असे संत ऑगस्टीन म्हणतात. तो पाहू लागला, ओरडू लागला, आणि पुढे स्वतः इतरांस घेऊन तेथे जाऊ लागला. देवकृपेने तो वाचला, ३८७ साली ऑगस्टीनसह मिलान येथे त्याने स्नानसंस्कार घेतला व पुढे बिशप झाला. परंतु ध्यानात घ्या, तो प्रौढ होता, सुशिक्षित होता, दृढनिश्चयी होता; तरी जमावाच्या एका आरोळीपुढे टिकला नाही. मग सात वर्षांच्या बालकाने कशाच्या बळावर टिकावे?

ह्याच ठिकाणी तिसरी अट येते: माणसे, वेळ व स्थळ. आपल्या विषयाचा गाभा हाच होय. संत योहान क्रिसोस्तोम ह्यांनी मुलांच्या संगोपनावर एक लहानसे पुस्तक लिहिले. त्यात ते बालकाच्या आत्म्यास नव्याने वसविलेल्या नगराची उपमा देतात. नगरास वेशी असतात. तशा आत्म्यास जीभ, कान, नाक, डोळे व स्पर्श ह्या वेशी आहेत, आणि बाप हा त्या नगराचा नियामक आहे. कोण आत यावा, कोण बाहेर ठेवावा, हे ठरविणे त्याचे काम. आता विचार करा, वेशीवरचा पहारेकरीच जर चोरास खांद्यावर घेऊन आत आणू लागला, तर त्या नगराचे काय व्हावे?

संत अलॉयसियस गोंझागा हे तरुणांचे आश्रयदाते संत आपणां सर्वांस ठाऊक आहेत. त्यांचे वडील सरदार होते. १५७३ च्या सुमारास, मूल पाचेक वर्षांचे असता, वडिलांनी मोठ्या कौतुकाने त्यास सैन्याच्या छावणीत नेले. बालक शिपायांत वावरू लागले, आणि त्यांचे ओंगळ शब्द, अर्थ ठाऊक नसता, तसेच उच्चारू लागले. त्याच्या शिक्षकाने ते ऐकून त्यास समज दिली. पुढे ते मूल संतपदास पोहोचले, १५९१ साली रोग्यांची सेवा केल्यानंतर तेविसाव्या वर्षी त्यांनी देह ठेवला. परंतु छावणीतील त्या शब्दांची लाज त्यांना आयुष्यभर वाटत राहिली. ज्या शिपायांनी ते शब्द उच्चारले त्यांना ती लाज कधी वाटली, असे कोठे लिहिलेले नाही. मोठ्यांनी बोलावे आणि लहानांनी लाज वाहावी, हा व्यवहार न्यायाचा आहे काय?

आपल्या अंगणातही छावणी आहे. सुट्टीच्या दिवशी मंदिरामागच्या मोकळ्या जागेत मुले क्रिकेट खेळतात तेव्हा आम्ही व्हरांड्यातून ऐकतो. दुसरीतले मूल धावचीत होते आणि एक शब्द टाकते. त्याला त्याचा अर्थ विचारावा तर ते गोंधळून पाहत राहते. पण शब्दाचा सूर, मानेचा झटका, हाताचा आविर्भाव हुबेहूब कोणाचा, हे ओळखावयास आम्हांस फार वेळ लागत नाही. कारण त्याच्या बापाचा आवाज आम्ही रविवारी मिस्सेच्या उत्तरांत ऐकलेला असतो. आडात असते तेच पोहऱ्यात येते.

आणखी एक मुलगा आमच्या ध्यानात येतो. मोठी मुले कमी पडली की नववी-दहावीतला कोणीतरी पंच म्हणून उभा राहतो. तो चुकतो, पगारी पंचही चुकतात. परंतु त्याच्या चुकीवर पन्नाशीचे गृहस्थ जेव्हा त्याच्या जन्मदात्रीचे नाव घेतात, तेव्हा तो मान खाली घालतो व पुढच्या रविवारी ‘फादर, मला नको’ एवढेच म्हणतो. शिट्टी परत करतो. ज्या मुलाने न्याय करावयास शिकावे, तो शिकला एवढेच की न्यायास उभे राहणे म्हणजे आईची अब्रू पणाला लावणे. ह्या नुकसानीची नोंद कोणत्याही गुणफलकावर होत नाही. संत थॉमस ह्यालाच अडखळण म्हणतात: असे बोलणे वा वागणे, की ज्यायोगे दुसऱ्याच्या आत्म्याच्या पतनास निमित्त होते. आणि लहानांस अडखळविणाऱ्यासाठी प्रभूने जात्याच्या तळीचे जे भयंकर वचन उच्चारले, ते सौम्य करून सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही.

ह्यावर काही आक्षेप आमच्या कानी येतात. त्यांचा परामर्श घेऊ.

कोणी म्हणतात, ‘मुलांना काय कळते?’ अर्थ कळत नाही, हे खरे. परंतु मूल भाषा शिकते ती कोशातून शिकत नाही. ‘आई’ हा शब्दही ते अर्थ समजण्यापूर्वी शिकते. शब्द आधी रुजतो, अर्थ मागाहून उगवतो. अर्थ उगवेपर्यंत मुलाने एवढे पक्के शिकलेले असते की हरणाऱ्याशी, चुकणाऱ्याशी व परक्याशी असेच बोलावयाचे असते.

कोणी म्हणतात, ‘शाळेत, रस्त्यावर, भ्रमणध्वनीवर ती हेच ऐकतात, आम्ही गप्प बसून काय होणार?’ गावात पाणी गढूळ आहे म्हणून कोणी आपल्या घरच्या माठात चिखल टाकीत नाही. उलट घरचे पाणी अधिक जपून गाळतो. रस्त्यावरची शिवी मुलाला परक्याची वाटते. बापाच्या तोंडची शिवी त्याला परवानगी वाटते.

कोणी म्हणतात, ‘हा आमचा रांगडेपणा आहे, शिमग्याची बोंब आमच्या मातीतली आहे.’ रांगडेपणा आम्हांसही प्रिय आहे. परंतु शिमग्यासही तिथी असते. मैदानावरचा शिमगा बारमाही झाला आहे. आणि मातीचेच बोलावयाचे तर हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत ह्याच मातीतली. तिने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावण्यात कांस्यपदक मिळविले. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ ह्याच मातीतला. २०१६ साली रिओ येथील ऑलिंपिकमध्ये त्याने नौका वल्हविली. नाशिक जिल्ह्याचा रांगडेपणा तो हा. फादर थॉमस स्टीफन्स ह्या परदेशी येशूसंघीयास आपली मराठी इतकी आवडली की १६१६ साली त्यांनी तिच्यातच ख्रिस्तपुराण प्रसिद्ध केले व तिची रत्नाशी तुलना केली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तिला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. जिचे रत्न म्हणून कौतुक झाले, तिच्यातील दगड तेवढे वेचून मुलांच्या हाती देणे, हा रांगडेपणा नव्हे.

शेवटी कोणी म्हणतात, ‘खेळाच्या भरात गेले, हेतू नव्हता.’ भरात गेलेल्या शब्दाचा दोष जाणूनबुजून उच्चारलेल्या शब्दाहून कमी, हे आमचे नीतिशास्त्रही मान्य करते. परंतु तोच शब्द दर सामन्यास, त्याच षटकात, त्याच पंचावर जातो तेव्हा तो भर नव्हे, ती सवय होय. आणि सवय सोडण्याचा यत्न न करणे हा वेगळा दोष आहे. खेळाडूने सर्वांस ऐकू जाईल असा अपशब्द वापरला तर आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेची आचारसंहिता त्यास शिक्षा करते. बावीस यार्डांवर घामाने निथळणारा, प्रतिष्ठा पणाला लागलेला मनुष्य जीभ आवरू शकतो. आणि सावलीत खुर्चीवर, हातात शेंगांची पुडी घेऊन बसलेल्या आम्हांस ती आवरत नाही, हे कसे? कायदाही प्रेक्षकास मोकळा सोडीत नाही. सार्वजनिक स्थळी अश्लील शब्द उच्चारून इतरांस उपद्रव देणे हा १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ प्रमाणे गुन्हा आहे. पूर्वीच्या दंडसंहितेतही तो होताच. तथापि पोलिसाच्या भयाने मिटलेले तोंड आम्हांस नको आहे. आम्हांस हवे आहे ते प्रेमाने आवरलेले तोंड.

मग करावे काय? उपदेश पुष्कळ झाला. आता उद्याचे बोलू. पाच गोष्टी आम्ही सुचवितो, व त्या आपण ह्या महोत्सवाचे संकल्प म्हणून स्वीकाराव्या अशी इच्छा धरतो.

पहिली, दोन्ही संघांच्या चांगल्या खेळास टाळी. प्रतिपक्षाच्या झेलास बापाने वाजविलेली टाळी मुलगा जन्मभर विसरत नाही. शेजारप्रीतीचा तो धडा धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही तितका चांगला देऊ शकत नाही.

दुसरी, पंचाशी फक्त कर्णधाराने बोलावे. रेषेबाहेरून कोणीही नाही; आम्हीही नाही.

तिसरी, शब्द गेलाच तर क्षमा तेथेच, त्याच आवाजात, मुलांच्या देखत मागावी. ‘बाळांनो, माझे चुकले’ हे चार शब्दही नव्हेत. परंतु शिवीने जे मोडले ते बहुतांशी त्यांनी सांधते. पापनिवेदनास आमच्याकडे जरूर यावे, पण मुलाचे ऋण मैदानावर झाले, ते मैदानावरही फेडावे.

चौथी, शेजाऱ्याची शिवी ऐकून हसू नये. शिवी देणारा एक असतो. तिला बळ देणारे हसणारे दहा असतात. १० जानेवारी २०२१ रोजी सिडनीच्या मैदानावर मोहम्मद सिराजने प्रेक्षकांतून आलेले अपशब्द ऐकून घेतले नाहीत. त्याने कर्णधारास व पंचांस सांगितले, खेळ काही मिनिटे थांबला, सहा प्रेक्षकांस बाहेर काढण्यात आले, आणि मग खेळ पुढे चालला. आणि आम्ही भारतीयांनीही फार ताठ मान करू नये, कारण २००७ साली ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्सला वर्णावरून माकडचेष्टा करून हिणविणारे प्रेक्षक ह्याच वानखेडेवर होते, व त्यांपैकी काहींना पोलिसांनी बाहेर नेले होते. उद्याही शिवी ऐकू आली की खेळ थांबेल, ती देणारा शांत होईपर्यंत मुले मैदानावर बसून राहतील, आणि सर्वांची दृष्टी कोणाकडे जाईल हे सांगावयास नको. स्वयंसेवकांस तशी सूचना दिली आहे. देणगीदार असोत वा आमचे जिवलग असोत, नियम एकच.

पाचवी, घर. आजकाल मैदान बैठकीच्या खोलीत आले आहे. दूरचित्रवाणीपुढे उच्चारलेला शब्द खेळाडूच्या कानी जात नाही. जाऊन पडतो तो गालिच्यावर खेळणाऱ्या मुलाच्या कानी. म्हणजे सगळीच्या सगळी शिवी त्याच्याच वाट्याला येते.

ह्या पाचांस एक प्रार्थना जोडू. पवित्र साक्रामेंताच्या आशीर्वादानंतर आपण देवाच्या, प्रभू येशूच्या व पवित्र मरियेच्या नावाची जी स्तुतिवचने एकामागून एक म्हणतो, त्यांचा उगम पुष्कळांस ठाऊक नसेल. १७९७ साली रोम येथे लुइजी फेलिची ह्या येशूसंघीय धर्मगुरूने ती रचिली, ती देवनिंदेच्या व अपशब्दांच्या पापाची भरपाई म्हणूनच. लोकांच्या तोंडी जितकी निंदा, तितकी स्तुती आपण परत करू, हा त्यांचा हेतू. सामन्यांच्या दिवशी संध्याकाळी, चषक वाटण्यापूर्वी, विजयी व पराभूत दोन्ही संघांनी व त्यांच्या पालकांनी मिळून ती म्हणावी, असे आम्ही योजिले आहे. ज्या जिभेवर सकाळी ख्रिस्तशरीर ठेविले जाते, ती जीभ संध्याकाळीही त्याच्याच स्तुतीत सापडावी, एवढाच त्यातला भाव.

बंधुभगिनींनो, सेनगुरुकुलात आम्हांस वक्तृत्वाचे धडे देणारे आचार्य सांगत की श्रोत्यांस घरी नेण्यासारखे एक वाक्य द्यावे. आमचे वाक्य हे: मूल खेळ शिकते मैदानातून, आणि माणूस व्हावयास शिकते प्रेक्षकांतून. ह्याच नाशिकच्या कारागृहात १९३३ साली साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिले. तुरुंगाच्या भिंतींआड बसलेल्या त्या प्रौढ पुरुषास आठवले ते आईने घडविलेले मन. आपलीही मुले उद्या मोठी होतील, दूर देशी जातील, संकटात पडतील. आणि एखाद्या एकाकी रात्री त्यांना आपला आवाज आठवेल. तो कोणता आवाज असावा, हे ठरविण्याची वेळ आज आहे.

आपल्या नाशिकरोडला बाळ येशूच्या दर्शनास दूरदूरचे लोक येतात. देवाने मनुष्यांत येताना प्रथम बालक होणे पसंत केले. ऐकणारे, अनुकरण करणारे, मोठ्यांच्या बोलण्यावर विसंबणारे बालक. नासरेथच्या घरात त्याच्या कानी जी वाणी पडली ती योसेफाची व मरियेची होती. उद्या मैदानावर आपल्या शेजारी जे बालक बसेल, त्याच्या कानी पडणारी वाणी तशी असावी, म्हणून प्रभू आपल्या ओठांवर पहारा ठेवो, आपल्या मुलांस सशक्त शरीर व निर्मळ मन देवो, आणि ह्या धर्मग्रामाच्या पुढील पिढ्यांस आपले स्मरण आशीर्वादाने करावेसे वाटो. आमेन.